तेरा ठिपके

हॅलिफॅक्सच्या टॉफी कारखान्यातून हेबलथ्वेटांचा फोन आला तेव्हा मी सँडविचचा पहिला घास घेत होते.

"एनिड, पोरी, तुमची नवी पाती टॉफीपर्यंत पोचतच नाहीत! मशीनमधून टॉफीचा दोरखंड निघतोय, दोरखंड! शुक्रवारपर्यंत नीट पाती दे, नाहीतर मी जर्मनीला फोन लावतो."

सत्तावीस वर्षांचं गिऱ्हाईक. शेफील्डमध्ये पाती घडवणाऱ्याला 'जर्मनीहून मागवतो' याहून मोठी शिवी नाही. तिडीक माझ्या डोक्यात गेली आणि सँडविच तिथंच टाकून मी ऑफिसात पियर्ससमोर जाऊन उभी राहिले.

हा आमचा नवा मॅनेजर. आठ महिन्यांपूर्वी लंडनहून आला आणि गेल्या महिन्यात पाती घासायच्या शेडच्या भिंतीवर टांगलेले पत्र्याचे नमुने त्यानं भंगारात काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पात्याचा मूळ आकार त्या पत्र्यांत कापून ठेवलेला होता. "आता सगळं कॉम्प्युटरवर," म्हणाला. कॉम्प्युटरवर काय, तर हॅलिफॅक्सहून आलेलं जुनं पातं मोजून तंतोतंत तसंच काढलेलं चित्र. वर्षानुवर्षं धार लावून लावून रोडावलेलं पातं! त्याच मापाची चाळीस कोरी पाती आम्ही घासून, तेल लावून, कागदात गुंडाळून पाठवली.

"किती कमी पडतंय?" त्यानं विचारलं.

"ते सांगायला भिंतीवर नमुना होता, साहेब. तुम्ही तो वितळवायला धाडलात."

"टोमणे नंतर मारा हो! टॉफी कारखान्याकडे मूळ माप नसेल?"

"असतं तर झिजलेलं पातं कशाला पाठवलं असतं त्यांनी?"

त्यानं डोकं धरलं. मग खणातून ते जुनं पातं काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुम्हीच बघा. मला यातलं काही कळत नाही."

आठ महिन्यांत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं. मी पातं उलटं केलं आणि बोल्टच्या भोकाशी बोट ठेवलं.

"हे ठिपके दिसतात? पातं धारेला परत आलं की घासणाऱ्यानं इथं एक ठिपका ठोकायचा, ही शेडची पद्धत. एका धारेत अर्धा मिलिमीटर जातो. तेरा ठिपके. साडेसहा मिलिमीटर वाढवा, मूळ माप आलं."

शेवटचे नऊ माझ्याच हातचे होते. माझा ठिपका जरा डावीकडे कलतो.

"अहो, मग सुटलो की!" पियर्स उठूनच उभा राहिला. "तेवढ्या रुंदीचं पोलाद आहे ना आपल्याकडे? शुक्रवार गाठू! पण हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही?"

टेबलावर त्या पात्याचं छापील चित्र पडलं होतं. खाली तपासणीच्या चौकटीत माझी सही होती, ई. स्टॅनिफोर्थ. ज्या दिवशी त्यानं माझ्या भिंतीला कबाडखाना म्हटलं, त्याच संध्याकाळी केलेली. त्याला ती सही म्हणजे नुसता शिरस्ता वाटत होता. मी गप्प बसले असते तर त्याला जन्मात कळलं नसतं.

"मला दिसले होते," मी म्हणाले.

"कधी?"

"सही करताना."

त्यानं चित्र उचलून सही बघितली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तोंडावर आपटावं म्हणून."

मला वाटलं, आता आरडाओरडा करेल. केला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फोन माझ्याकडे सरकवला. "हेबलथ्वेटांना तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. माप सापडलं, शुक्रवारी सकाळी पाती पोचतील.

"शाब्बास, पोरी!" ते खूश होऊन म्हणाले. "त्या लंडनवाल्यानंच घोळ घातला ना? मला ठाऊकच होतं, तुझ्या नजरेतून असं सुटणार नाही."

पियर्स खिडकीतून बाहेर बघत होता.

"सुटलं नव्हतं," मी म्हणाले. "मी बघितलं होतं, आणि जाऊ दिलं."



"शुक्रवारी सकाळी आठपर्यंत पोचवा, मिसेस स्टॅनिफोर्थ," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.