टोपीचा सीन

लंकाबाईंच्या घरी पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि मग लग्नाची सीडी. यातलं पाणी एखाद वेळी राहून जाई, सीडी कधी राहिली नाही. लग्न महेश आणि सुवर्णाचं, पण ती सीडी दोघांनी मिळून एकदाही पाहिली नव्हती. ती असायची सासूच्या ताब्यात, आणि रिमोटही.

मखमलाबादच्या मळ्यात शेवंती आणि झेंडू करणारं हे घर खाऊनपिऊन सुखी होतं. सुख बोचत होतं ते एकट्या लंकाबाईंना. लग्नात त्यांचा भाऊ देवराम याला फेटा मिळाला नव्हता. फेटे संपले म्हणून सुवर्णाच्या वडिलांनी, निफाडकडच्या फकिरातात्यांनी, त्याच्या डोक्यावर साधी टोपी ठेवली. झालं! देवराम रुसून जीपमध्ये जाऊन बसला आणि त्याच्यामागं अर्धं वऱ्हाड उठलं. तेव्हा भर मांडवात तात्यांनी आपली टोपी काढून व्याह्यांच्या, म्हणजे लंकाबाईंचे मालक पुंजाभाऊ यांच्या पायावर ठेवली. शूटिंगवाल्या मेल्यानं नेमकं तेच टिपलं.

"आता बघा हं, आता वाकतो," लंकाबाई प्रत्येक पाहुण्याला सांगत. तात्या वाकले की पॉज. पडद्यावर तात्यांचं टक्कल थरथरत राही आणि इकडे सगळे हसत. सुवर्णा कप उचलायच्या निमित्तानं आत जाई. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण नव्या सुनेनं बोलायचं कोणाकडं? बापाची एवढी शोभा तर लग्नाच्या दिवशीही झाली नव्हती.

एखादी जाणती बाई मात्र म्हणे, "पण पुंजाभाऊंनी लगेच उठवलं बरं का त्यांना." कारण पॉज काढला की पुढं तेच दिसे. पुंजाभाऊ तात्यांना दंडाला धरून उठवत, टोपी झटकून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवत आणि त्यांना उराशी धरत. लंकाबाई घाईघाईनं सीडी पुढं पळवत. पुंजाभाऊ लग्नानंतर वर्षभरातच वारले होते, तेव्हा त्यांना विचारायचीही सोय नव्हती.

त्या वर्षी दसऱ्याला झेंडूला भाव मिळाला आणि महेशच्या डोक्यात डीव्हीडी प्लेअरचं खूळ शिरलं. जुन्या प्लेअरवर एका पिक्चरला तीन-तीन सीड्या बदलाव्या लागत. लंकाबाई आधी नाही म्हणाल्या. मग सुवर्णानं भाकरी थापता थापता नुसतं म्हटलं, "नवसाकाकूंकडं आलाय म्हणे." नवसाबाई म्हणजे लंकाबाईंची चुलत जाऊ. दोघींचं बोलणं बंद होतं.

"त्या सटवीकडं आला? अन आपण काय भिकेला लागलोय का?" लंकाबाई कडाडल्या. झालं काम.

एम. जी. रोडवर महेश गाडी लावायला जागा शोधत राहिला, तोवर दुकानात दुकानदारानं सुवर्णापुढं दोन खोकी ठेवली. "हा चायनाचा घ्या ताई. जुना प्लेअर दिला की तुमच्या बजेटमध्ये बसतो. घासलेली, घरी कॉपी केलेली, कसलीपण सीडी वाचतो. हा दुसरा कंपनीचा. पिक्चर एक नंबर, पण लय नाजूक. लग्नाबिग्नाच्या सीड्या बऱ्याचदा उचलतच नाही. मागून भांडायला येऊ नका."

"लग्नाच्या उचलत नाही?" सुवर्णानं पुन्हा विचारलं.

"नाय ना. आपलं सांगायचं काम."

महेश आत आला तेव्हा तिचा निकाल झालेला होता. "कंपनीचाच घ्यायचा."

"डोकं फिरलं का तुझं? जुना देऊनही जवळजवळ दुप्पट किंमत हाय! कुठून आणू?"

सुवर्णानं पायातले पैंजण काढले. पहिल्या दिवाळीला तात्यांनी घातलेले, चांगले वजनदार. सराफ बाजार जवळच होता. महेश सारखा म्हणत होता की एवढी कसली हौस, पण नको असं काही तो म्हणाला नाही. पैंजण मोडताना तिला वाईट वाटलं. मग तिनं मनाशी म्हटलं, तात्यांचीच वस्तू तात्यांच्याच कामी आली.

घरी नव्या मशिनला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला आणि लंकाबाईंनी पहिली घातली ती लग्नाचीच सीडी. मशिन घुरघुरलं, थांबलं आणि निळ्या अक्षरांत म्हणालं, 'नो डिस्क'. लंकाबाईंनी सीडी पदरानं पुसली. पुन्हा 'नो डिस्क'. त्यांनी महेशला शिव्या घातल्या, दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. महेश जुना प्लेअर परत मागायला गेला, तर तो केव्हाच विकला गेला होता. नवसाबाईंच्या दारात सीडी घेऊन जाण्यापेक्षा लंकाबाईंनी विहीर जवळ केली असती. सुवर्णा त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

महिनाभर घर शांत होतं. मग दिंडोरीहून सुमनबाई आल्या, लंकाबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या. पाणी झालं, चहा झाला. सुवर्णा निर्धास्तपणे तिथंच गजरे करत बसली. लंकाबाई मांडी ठोकून बसल्या.

"सीडी बंद पडली बाई, नायतर दावलं असतं. हिचा बाप ढसाढसा रडत होता. टोपी ठेवली अन नाक घासलं आमच्या यांच्या पायावर. आख्खा मांडव बघत होता."

सुवर्णाच्या हातातली सुई थांबली. तात्या रडले नव्हते.

"मग?" सुमनबाई पुढं सरकल्या.

"मग काय! यांनी टोपीला लाथ घातली. पार मांडवाबाहेर उडाली. हा कुत्र्यावानी आणायला पळाला."

मेलेल्या नवऱ्यालाही बाईनं सोडलं नव्हतं! सुवर्णा ताडकन उठली. गजऱ्याची फुलं खाली सांडली.

"खोटं बोलताय आत्याबाई! मामंजींनी उठवलं तात्यांना. स्वतःच्या हातानं टोपी घातली, उराशी धरलं!"

लंकाबाई रागावल्या नाहीत. त्या हसल्या. "आस्सं? मग दाव की लावून. तुझ्याच पसंतीचं मशिन हाय ना?"

सुवर्णानं कपाटातून सीडी काढली. तिनं ती साडीच्या सुती पदरानं हलक्या हातानं पुसली, देवाचं नाव घेतलं आणि आत सरकवली. मशिन घुरघुरलं. सुमनबाई डोळे ताणून पडद्याकडं बघत होत्या. उठवा मामंजी, सुवर्णा मनात म्हणत होती, एकदा उठवा त्यांना.

'नो डिस्क'.

"बघितलंस?" लंकाबाई सुमनबाईंकडं वळल्या. "तर काय सांगत होते, टोपी जाऊन पडली गटारात..."