ज्ञानूचं एक वाक्य

रविवारी जेवणं उरकली तशी आक्काताईंनी ज्ञानूच्या फोटोवरचा हार काढून फडताळात ठेवला. गणपतराव बघत राहिले. "आज बोलणार हाय त्यो," त्या म्हणाल्या. "हार घालून कसं ऐकायचं?"

गणपतराव टेबल पुसायला लागले. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं जन्म गेलेला माणूस, त्यांची बोलायची सवयच मोडली होती.

ज्ञानू त्यांचा एकुलता एक. डिप्लोमा करून बापाच्याच लाइनीत शिरला आणि कारखान्यानं त्याला ट्रेनिंगसाठी फ्रान्सला धाडला. तेव्हा मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीची कॉलर ताठ झाली होती. तिकडं त्याच्या कारखान्यात एका खुनाच्या पिक्चरचं शूटिंग झालं आणि कामगारांच्या घोळक्यातला हा सावळा पोरगा दिग्दर्शकाच्या नजरेत भरला. खुनी पळताना याला दिसतो आणि हा इन्स्पेक्टरला एक वाक्य सांगतो, एवढंच काम. पिक्चर तिकडं लागला, आणि त्याच थंडीत ज्ञानूला मेंदूज्वर झाला. घरी आली ती अस्थींची पेटी आणि एक बॅग.

बॅगेत टेपची एक कॅसेट होती. पत्राला हात वळत नाही म्हणून ज्ञानू टेप भरून पाठवायचा. आक्काताई ती ऐकायच्या, गल्लीला ऐकवायच्या आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पोस्टात टाकायच्या. आता कुणी म्हणेल, नवी कॅसेट घेता येत नव्हती? येत होती की. पण शेजारणीचा डबा आला तर रिकामा परत करायचा नाही, निदान मूठभर साखर तरी घालायची, या वळणातली बाई ती. पोराकडून आलेली कॅसेटही त्यांनी तशीच भरून पाठवली. शेवटी टेप उरली तर शेजारच्या बनाबाईला बोलायला पुढ्यात बसवायच्या, पण कोरी जागा ठेवायच्या नाहीत. आपण बोललो की त्याचं बोलणं पुसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याचं नवं बोलणं भरून ती परत येणारच होती ना. हसत्याखेळत्या पोराचा आवाज जपून ठेवावा असं कुठल्या आईच्या मनात येतं?

बॅगेतली कॅसेट त्यांनी घाईघाईनं लावली, तर त्यात सगळीकडं त्याच. जेवलास काय, स्वेटर घालतोस काय, पाटलांची म्हैस व्याली. दोन्ही बाजू उलटून पालटून ऐकल्या, ज्ञानूचा श्वाससुद्धा सापडला नाही. पोरानं उत्तर भरायच्या आधीच अंथरूण धरलं होतं. त्या दिवशी आक्काताईंनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं होतं. मग येताजाता नवऱ्याला विचारायच्या, "फोटूत नाक हाय, डोळं हाईत. त्याची हाक कुठं हाय?"

अशात त्या पिक्चरची व्हिडिओ कॅसेट तिकडच्या दुकानांत विकायला आली. ज्ञानूबरोबर गेलेला आणि तिकडंच नोकरीला राहिलेला माधव सुट्टीवर येताना ती घेऊन आला. वर पिस्तूल रोखलेल्या हिरोचं चित्र होतं. त्या रविवारी राजारामपुरीतल्या सयाजीकडून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला. सयाजीनं वायरी जोडता जोडता आधीच सांगितलं, "मावशी, चित्र काळं-पांढरं दिसणार बघा. तिकडची सिस्टीम येगळी हाय."

"रंग घिऊन काय करू? आवाज येतोय न्हवं?"

"आवाज एकदम खणखणीत."

मग आक्काताईंना दुसरं काही नको होतं.

गल्ली जमली. बनाबाई डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. पिक्चर सुरू झाला आणि भाषेचं ओ की ठो कळेना. लांब कोटातला इन्स्पेक्टर नुसताच गल्लीबोळांतून हिंडत होता. "सिगारेटीच वढतोय," बनाबाई म्हणाली, "चोर कवा धरायचा ह्यानं?" मध्येच हिरोईन त्याच्या गळ्यात पडली तेव्हा गणपतरावांनी खिडकीकडं तोंड केलं आणि सगळ्यांना एकदम खोकला आला. आक्काताई मात्र टीव्हीच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, की गुडघा टेबलाला लागत होता.

आणि कारखाना आला. भट्टीच्या धुरातून ज्ञानू पुढं आला, कपाळाला काजळी, हातात टोपी. आक्काताईंचा हात आपसूक पदराकडं गेला, काजळी पुसायला. इन्स्पेक्टरनं काहीतरी विचारलं. ज्ञानूनं तोंड उघडलं.

आवाज आला तो जाडाभरडा, छातीतून निघालेला, पन्नाशीच्या माणसाचा.

"आगं बया, काय भारी आवाज लागलाय पोराचा," बनाबाई म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या गल्लीनं त्याच्या किनऱ्या आवाजाची जन्मभर टिंगल केली, पोरगी बोलतीया म्हणून खिदळली, तिला तो आता आठवतही नव्हता.

"सयाजी, मागं घे," आक्काताई म्हणाल्या.

त्यानं घेतलं. पुन्हा तो माणूस ज्ञानूच्या तोंडातून बोलला. त्यांनी आणखी एकदा मागं घ्यायला लावलं आणि या वेळी डोळे मिटून ऐकलं. मग माधवकडं वळल्या. "ह्यो कोण बोलतोय?"

माधवची मान खाली गेली. "काकू, त्याचे उच्चार त्यांना पटले नव्हते. दुसऱ्याचा आवाज घातला. ज्ञानूला हसू आलेलं, म्हणाला, आईला सांगू नकोस, ती भांडायला येईल. मला वाटलं, तुम्हाला त्याला बघायचं होतं."

"बघायला फोटू हाय की रं," आक्काताई म्हणाल्या. गणपतराव उठले, त्यांनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं.

माणसं एकेक करून गेली. बनाबाई तेवढी दारात घुटमळत होती. आक्काताईंनी तिचा डबा विसळला, पुसला, सवयीनं साखरेच्या बरणीचं झाकण काढलं आणि मूठ भरून घेतली. डब्यावर हात तसाच राहिला. कॅसेटवर काय काय भरून पाठवलं होतं त्यांनी, आणि प्रत्येक वेळी कशावर भरलं होतं.

साखर त्यांनी परत बरणीत टाकली.

"ने गं," डबा पुढं करत त्या म्हणाल्या. "आज रिकामाच ने."