उजेडबाबांच्या चांदण्या

पत्र्याच्या शेडला चारही बाजूंनी काळी ताडपत्री लावून भर दिवसा अंधार केला होता. आत दीडशे माणसं घामानं निथळत उभी होती. मध्ये टेबल, टेबलावर काचेचा पेला, पेल्यात आमच्याच गल्लीतल्या बोअरचं पाणी. उजेडबाबांनी जांभळ्या टॉर्चचं बटण दाबलं आणि पाणी निळंशार चमकायला लागलं. बाबांचा पांढरा झगासुद्धा चमकत होता. ते त्यांचं तेजोवलय, असं मागून कोणीतरी कुजबुजलं.

"पाहा! पायाखाली अमृत आणि तुम्ही येडे नळाचं पाणी पिताय!" बाबा कडाडले. मग त्यांनी दुसऱ्या पेल्यात नळाचं पाणी ओतलं. ते चमकलं नाही. "हे मेलेलं पाणी! प्रेत पिता तुम्ही, प्रेत!"

शेजारी उभे असलेले निवृत्त हेडमास्तर चक्क रडायला लागले. आयुष्यभर विज्ञान शिकवलं त्यांनी.

मी पंप दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं बोअरमधून मोटारी वर काढतोय. मोटारीबरोबर गाळ आला, गंज आला, एकदा तर कोणाची तरी कवळी आली. अमृत काही आलं नाही. पण हे बोलायची सोय नव्हती, कारण बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता.

बाबांनी घरोघरी जाऊन प्रत्येकाच्या बोअरचं पाणी तपासलं होतं आणि तेजाच्या मानानं प्रत्येक दारावर निळ्या रंगाच्या चांदण्या काढल्या होत्या. कोपऱ्यावरच्या लाँड्रीला पाच. त्याला लागून आमचं घर, चार. पुढे तीन, दोन, आणि गल्लीच्या पार टोकाला डॉक्टरच्या दवाखान्याला एकही नाही. डॉक्टरकडे लोक कीव करून बघायला लागले. आमची बायको मात्र तोऱ्यात होती. दर सोमवारी बाबा दर्शन बंद ठेवत. त्या दिवशी म्हणे तेज विश्रांती घेतं.

आमच्या आठ महिन्यांच्या नातीला तीन दिवसांपासून जुलाब होत होते.

"अगं, पोरीचे डोळे खोल गेलेत. डॉक्टरचं औषध कुठे ठेवलंस?"

"अहो, औषधानं तेज विझतं, बाबांनी सांगितलंय ना? आतली घाण बाहेर पडतेय. दारावर चार चांदण्या काय उगाच आहेत?" असं म्हणून तिनं चमच्यानं बोअरचं पाणी पोरीच्या तोंडात घातलं. सून दाराआड उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. मुलगा कामासाठी परगावी.

मी तेव्हाच पोरीला उचलून न्यायला हवं होतं. घरात तमाशा नको म्हणून रात्रभर गप्प बसलो. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूजल खात्याच्या तपासनीस बाई आल्या. दोन आठवड्यांपूर्वी लाँड्रीमागच्या बंद बोअरमध्ये त्यांनी एक मनगटाएवढी जाड स्टीलची नळी केबलला बांधून सोडली होती. ती सोडायला मीच मदत केली होती. नळीच्या टोकाला काच, काचेमागे दिवा. बाईंनी मोबाइलवर आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हे पाणी कोणी पीत नाही ना?"

मी त्यांचा हात धरूनच शेडकडे निघालो. जाताना सुनेला हाक मारली, "पोरीला घे आणि चल." बायको मागून ओरडत आली.

शेडमध्ये दर्शन रंगात आलं होतं. बाईंनी शांतपणे विचारलं, "बाबा, टॉर्च जरा देता?"

"अश्रद्धांच्या हातात तेज टिकत नाही."

"मग माझाच वापरते." बाईंनी पर्समधून तसाच टॉर्च काढला आणि लाँड्रीवाल्याच्या खांद्यावरच्या टॉवेलवर मारला. टॉवेल निळा चमकला. हेडमास्तरांच्या सदऱ्यावर मारला, सदराही चमकला.

"यांच्याही अंगात तेज का हो?" मी विचारलं. कोणीतरी फिसकन हसलं.

"कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक रसायन घालतात," बाई म्हणाल्या. "या किरणात ते चमकतं. तुमच्या पाण्यात तेच आहे. माझ्या नळीतही असाच दिवा आहे. तो पाण्यावर उजेड टाकतो, परत किती चमक येते ते दर पाव तासाला मोजतो. बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवायला नकोत, जागच्या जागी कळतं. हे बघा, सहा दिवस आकडा चढलेला. सोमवारी पडलेला."

"सोमवारी तेज विश्रांती घेतं!" बाबा म्हणाले.

"सोमवारी लाँड्री बंद असते," लाँड्रीवाला हळूच म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

"तुमच्या लाँड्रीमागच्या खड्ड्याला तडा गेलाय. खाली फुटका खडक. तुमच्याकडे धुतलेल्या दवाखान्याच्या चादरींचं पाणी आणि त्याच खड्ड्यात सोडलेलं संडासाचं पाणी फटींतून बोअरमध्ये उतरतंय. नळीतला दुसरा दिवा मैला ओळखतो. तोही आकडा तसाच चढलाय. शोधायला मला महिना लागला असता, पण बाबांनी दारोदार चांदण्या काढून नकाशाच करून दिलाय. जिथे चांदण्या जास्त, तिथे घाण जास्त."

पाच चांदण्यांच्या मालकानं खांद्यावरचा टॉवेल काढून पाठीमागे लपवला.

"खोटं आहे हे! मी रोज हेच अमृत पितो!" बाबा ओरडले.

त्यांच्या खुर्चीपाशी तांब्या होता. बायको पुढे झाली. हो, माझीच बायको. तिनं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि बाईंना म्हणाली, "मारा हो तुमचा टॉर्च."

पाणी चमकलं नाही. अजिबात नाही.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मेलेलं पाणी पिता, आणि माझ्या नातीला हे पाजायला सांगता?"

तिनं सुनेच्या कडेवरून पोरीला घेतलं आणि ताडपत्री फाडतच बाहेर पडली. एकही चांदणी नसलेल्या दाराकडे ती धावत गेली. मागे उजेडात बाबांचा झगा साधा मळका दिसत होता.

पोरीला दोन दिवस सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. लाँड्रीचा खड्डा बंद झाला, बोअर बंद म्हणून गल्लीत वापरायच्या पाण्याचा टँकर येतो. बाई दर महिन्याला आकडे भिंतीवर लावून जातात.

बायकोनं दारावरच्या चांदण्या सुरीनं खरवडल्या. तीन निघाल्या. चौथी मी राहू दिली. कोणी विचारलं की सांगतो: बाबांनो, पाणी चमकलं हे खोटं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. चुकलं एवढंच, की ते का चमकतं हे विचारायच्या आधीच आम्ही हात जोडले. तुम्ही आधी विचारा. तोवर ते लेकराच्या तोंडाला लावू नका.