मेन जेटमधलं वऱ्हाड

सरूअक्काचं वऱ्हाड मोपेडच्या कार्ब्युरेटरमध्ये अडकून बसलं आहे, हे मोरेश्वरला रविवारी सकाळी समजलं. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा पितळी तुकडा, साफ करायचा म्हणून त्याने तो ओठांशी नेला होता. फुंकर मारणार इतक्यात आतून क्लॅरिनेट ऐकू आलं. त्याने जेट कानाला लावला. बँड वाजत होता, मागे घोडा फुरफुरत होता आणि कुणीतरी वैतागून विचारत होतं की पुढचे का थांबलेत, मुहूर्त टळून जाईल.

मोरेश्वरच्या अंगावर काटा आला. आनंदाचाच. कारण ते वऱ्हाड कुणाचं हे त्याने ओळखलं होतं.

तो हाफ चड्डीत होता तेव्हाची गोष्ट. थोरल्या बहिणीचं, सरूअक्काचं, लग्न तासगावच्या श्रीधरपंतांशी ठरलं होतं. वडिलांनी जावयासाठी नवी कोरी मोपेड घेतली आणि झेंडूची माळ घालून मांडवाच्या दाराशी उभी केली. वऱ्हाड निघालं, कुरुंदवाडच्या अलीकडचा पूल ओलांडताना लोकांनी त्याला पाहिलं, आणि पुढे ते आलंच नाही. नदीत माणसं उतरवली, उसाचे फड धुंडाळले. तासगावच्या लोकांनीही शोधलं. घोड्याचा नालदेखील सापडला नाही. अक्काने मुंडावळ्या सोडून ठेवल्या, पुढे शिवणाचे वर्ग काढले आणि त्या दिवसाविषयी कधी चकार शब्द काढला नाही. मोपेड मोरेश्वरकडे आली.

तेव्हापासून ती गाडी एकाच तऱ्हेने वागत होती. चालू व्हायची, हळू हळू छान चालायची, पण मूठ पिळली की मान टाकायची. ही दुरुस्ती त्याने आजवर टाळली होती. निवृत्त झाल्यावर मात्र छडा लावायचाच म्हणून तो अंगणात टेबल टाकून बसला. प्लग काढला, तो कोरडा आणि पांढरट निघाला, म्हणजे पेट्रोल पुरेसं पोचत नव्हतं. टाकीची तोटी पाहिली, धार बरोबर होती. पेट्रोलात ऑइलही मापात होतं. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर ती काठोकाठ भरलेली आणि आतलं पितळी फ्लोट मजेत तरंगत होतं. मग उरला तो मेन जेट. शर्टाच्या बटणाएवढा पितळेचा तुकडा आणि मधोमध सुईने टोचल्यासारखं भोक. तो उजेडासमोर धरला तर पलीकडचं काही दिसत नव्हतं.

आता कारण कळलं होतं. इतकी वर्षं पेट्रोल वऱ्हाडाच्या बाजूबाजूने वाट काढत होतं. मूठ पिळली की जास्तीचं पेट्रोल लागणार, आणि ते घोड्याला तटणार.

त्याने जेट तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात विचारलं की आत कोण आहे. आतून नवरदेवाचे वडील बोलले. त्यांनी आधी आवाज खाली ठेवायला सांगितलं, कारण घोडा बुजत होता. मग म्हणाले की पुलावरून उतरल्यावर रस्ता चांगला होता, पुढे अरुंद होत गेला, आता दोन्ही बाजूंना पितळेची भिंत आहे. घोडा पुढे जात नाही आणि मागे चालायला तो शिकलेला नाही.

मोरेश्वर समोरच्या पंक्चरच्या दुकानात धावत गेला. तिथे अन्वरभाईकडे हवेचा पंप होता. उलट्या बाजूने अगदी हलकी हवा मारली तर सगळे सुखरूप वाटीत येतील, असा त्याचा विचार होता. अन्वरभाईने जेट कानाला लावला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि परत दिला.

"काका, आत लहान मुलं पण आहेत," तो म्हणाला. "हवा नाही मारता येणार."

आणि दुकान बंद करून तो इस्त्रीचा शर्ट घालायला घरी गेला.

तार घालून भोक मोकळं करायचा तर प्रश्नच नव्हता. पेट्रोलात भिजत ठेवावं तर माणसं बुडाली असती. जेट तसाच बसवून किक मारली असती तर इंजिनाने सगळ्यांना घोड्यासकट ओढून घेतलं असतं, आणि पुढे ठिणगी होती. हे सगळं मोरेश्वरने नवरदेवाच्या वडिलांना समजावून सांगितलं. ठिणगीचं ऐकल्यावर त्यांनी बँडवाल्यांना वाजवत राहायला सांगितलं, म्हणजे बायकांच्या कानावर काही जाऊ नये.

एवढ्यात सरूअक्का पदराला हात पुसत बाहेर आली. मोरेश्वरने जेट तिच्या कानाशी धरला. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही, मग मान हळूहळू क्लॅरिनेटच्या ठेक्यावर हलायला लागली.

"त्यांनी काही खाल्लंय का?" तिने विचारलं.

ती आत गेली आणि साखरेच्या पाण्यात बुडवलेली काडी घेऊन आली. काडीच्या टोकावरचा थेंब तिने भोकाच्या काठावर टेकवला. आत आनंदीआनंद झाला. मुलं ओरडली, घोडा जिभल्या चाटायला लागला. मग श्रीधरपंत स्वतः बोलले. ते काय म्हणाले ते मोरेश्वरला ऐकू आलं नाही, कारण जेट अक्काच्या हातात होता. पण अक्का लाजली. केस पांढरे झाल्यावर माणूस इतकं लाजू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

ती बोलत राहिली. उशीर झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली असावी, कारण ती म्हणाली की त्यात काय, रस्त्याचं कुणाच्या हातात असतं. बोलता बोलता ती लहान होत होती. आधी बांगड्या मनगटात सैल झाल्या. मग चपला पायांना मोठ्या झाल्या. ती टेबलावर चढून बसली आणि जेट मांडीवर घेऊन बोलू लागली. वयाने ती होती तशीच होती. फक्त आकार कमी होत होता, आणि तिच्याबरोबर लुगडंही.

मोरेश्वरला एकीकडे नाचावंसं वाटत होतं. बिघाड सापडला होता, पाहुणे जिवंत होते, अक्का हसत होती. दुसरीकडे अक्का डोळ्यांदेखत लहान होत होती. त्याने सुचवलं की थोडी वाट बघ, मी भोक मोठं करण्याचा ड्रिल घेऊन येतो, ते सगळे बाहेर येतील.

"बाहेर येऊन करतील काय? एवढीशी माणसं अंगणात उतरली तर कोंबड्या टिपतील," अक्का म्हणाली. "मलाच जायला हवं. लग्न आतच लावतो म्हणतायत. नवरी आली की घोडा तिच्या मागे फिरतो, अशी त्यांच्याकडे रीत आहे. मग सगळे आल्या वाटेने परत जातील."

"आणि मी?"

अक्काने त्याच्याकडे वर पाहिलं. ती आता पेट्रोलच्या वाटीशेजारी उभी होती आणि वाटीचा काठ तिच्या कमरेला लागत होता.

"तुझी गाडी चालेल की," ती म्हणाली.

बँडचा आवाज वाढला होता आणि गल्लीत पोचला होता. लोक यायला लागले. अन्वरभाई अत्तर लावून आला. शेजारच्या मगदूमवहिनींनी तांदळांना कुंकू लावून परात भरून आणली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिमूट दिली. शिवणाच्या वर्गातल्या बायका आल्या, त्यांच्या सुना आल्या. कुणी कुणाला काय झालं ते विचारत नव्हतं. सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने उभे राहिले. फाटकातून अजून माणसं आत येत होती, त्यामुळे पुढच्यांना टेबलाकडे सरकावं लागत होतं. मोरेश्वरला आता कोपर उचलता येत नव्हतं. कुणाची तरी हनुवटी त्याच्या खांद्यावर होती.

त्याने जेट चिमट्यात धरला आणि टेबलावर टेकवला. अक्का त्याच्या अंगठ्यावर चढली. तिचं वजन मुंगीएवढंही नव्हतं, पण अंगठा थरथरू नये म्हणून त्याने श्वास रोखला. निरोपाचं काही बोलावं असं त्याला वाटलं, तर तोंडून निघालं ते एवढंच की जपून, आत पेट्रोलाने निसरडं असेल. तिने पदर खोचला. भोकाच्या काठावर क्षणभर बसली, पाय आत सोडले आणि गेली.

आत मोठा जल्लोष झाला. सनई सुरू झाली. मोरेश्वरने एक डोळा भोकाला लावला. खोल आत पिवळाधमक उजेड होता, दोघांच्या मध्ये अंतरपाट धरला होता आणि अंतरपाटाच्या अलीकडे अक्काची पाठ ताठ दिसत होती. घोड्याने खरोखरच मान मागे वळवायला सुरुवात केली होती. सुटणार, आता सुटणार, असं तो मोठ्याने म्हणाला आणि मागचे सगळे हसले.

आतल्या गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं. आवाज बारीक पण खणखणीत होता, फाटकापर्यंतच्या माणसांना ऐकू गेला. "शुभमंगल सावधान" आलं आणि अंगणभर हात वर गेले. जेटचं भोक उघडं आहे, हे मोरेश्वरच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने मान मागे घेतली आणि जेटवर तळहात धरायचा प्रयत्न केला, पण दाटीत हात सुटेपर्यंत अक्षता त्याच्या डोक्यावरून, खांद्यांवरून टेबलावर बरसल्या. वाटीत पडल्या, प्लगवर पडल्या. एक तांदूळ जेटच्या बरोबर मधोमध पडला, टोकावर उभा राहिला आणि भोकात घट्ट बसला.

सनई थांबली. मोरेश्वर नखाने तांदूळ पकडू पाहत होता, आणि त्याच्या मागे सगळ्या अंगणाने दुसऱ्या मंगलाष्टकासाठी मुठी उचलून धरल्या होत्या.