बाहेरचे दार

कॉलेजातल्या पाच नंबरच्या जिन्याच्या मधल्या वळणावर एक उंच, अरुंद खिडकी आहे. ऑक्टोबरात समोरच्या प्रार्थनामंदिराच्या छपरावर सूर्य यायला आठ वाजून जातात, आणि मग त्या खिडकीतून उजेडाची एक पट्टी आत शिरते. प्रथम ती छताला लागून, कोळिष्टकांच्या जवळ थबकलेली असते. फिकट, पाणी घातलेल्या दुधासारखी. मग सूर्य वर चढू लागतो तशी ती भिंतीवरून खाली सरकते. चुन्याचे पोपडे एकेक करून उजळतात. कुण्या जुन्या विद्यार्थ्याने दगडात कोरलेली आद्याक्षरे क्षणभर वाचता येतात आणि पुन्हा सावलीत जातात. नऊच्या सुमारास ती पट्टी कठड्यापर्यंत येते. शेकडो तळव्यांनी गुळगुळीत केलेले ते लाकूड तेव्हा मधासारखे दिसते, आणि हवेतली कोळशाची धूळ इतकी संथ तरंगते की तिला कुठे पोहोचायचेच नाही असे वाटावे. दहाला दोन-चार मिनिटे असताना उजेड पहिल्या मजल्यावरच्या डाव्या दाराशी येतो, आणि ते लागलेले असले तर त्याच्या पितळी खिळ्यांपैकी एकच, वरून तिसरा, पेटल्यासारखा लखलखतो.

तो माझे तत्त्वज्ञानाचे शिक्षक मिस्टर गार्थवेट यांच्या खोल्यांचा दरवाजा. दर गुरुवारी दहा वाजता, काळा झगा अंगावर घालून आणि आठवड्याचा निबंध हातात घेऊन, मी त्या दाराशी येत असे.

तीन वर्षांनी आज मी त्याच जिन्यावर, सातव्या पायरीवर बसलो होतो. मिस्टर गार्थवेट ऑगस्टमध्ये वारले. त्यांच्या बहिणीचे, मिस गार्थवेट यांचे, पत्र मला श्रॉप्शरमधल्या शाळेत मिळाले. मी तिथे मुलांना लॅटिन शिकवतो. पत्रात लिहिले होते, 'खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. एखादे पुस्तक आठवण म्हणून तुम्ही निवडावे अशी माझी इच्छा आहे. आणखी एक विनंती. टपलिन अजूनही त्या सकाळचा दोष स्वतःकडे घेतो. माझे तो ऐकत नाही. त्याच्याखेरीज त्या दिवशी दाराशी आलेले तुम्ही एकटेच होतात. तुम्ही त्याच्याशी बोललात तर कदाचित त्याचे समाधान होईल.'

त्या पत्रातले 'तुम्ही एकटेच' हे दोन शब्द मी आगगाडीत बरेच तास पाहत बसलो होतो.

ऑक्सफर्डमधल्या आमच्या कॉलेजात प्रत्येक खोलीला दोन दारे होती. आतले नेहमीचे, बाहेरचे जाड ओकचे. बाहेरचे उघडे असले तर कुणीही आत जावे. लागलेले असले तर माणूस आत असो वा नसो, ठोठावायचे नाही. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पहिल्या आठवड्यात मी चुकून एकाचे दार ठोठावले, तेव्हा शेजारच्या खोलीतला क्रॅडक जिन्यावर येऊन ओरडला होता, "अरे वेनिंग, लागलेलं दार ठोठावतोस? तुमच्या गावात काय, गोठ्यातून माणसं बोलावतात होय?" मला पुढे कित्येक दिवस जेवणघरात मान वर करवली नाही. मी मुळातच लाजाळू. लागलेले दार मला नेहमीच कृपेसारखे वाटत आले आहे.

मिस्टर गार्थवेट यांचे बाहेरचे दार मात्र गुरुवारी दहाला सताड उघडे असे. ते शेगडीशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसत, मांडीवर विस्तव ढोसायची सळई. मी वाचू लागे. पटले नाही की डोळे न उघडता ते सळई उचलत, आणि मी थांबे. पहिल्याच निबंधाच्या वेळी ती दुसऱ्या वाक्याला उचलली गेली.

"'वचन पाळावे, कारण त्यामुळे समाजातला विश्वास टिकतो,'" त्यांनी माझे वाक्य पुन्हा म्हटले. "बरं. तुम्ही आज दहाला का आलात?"

"येईन म्हणालो होतो म्हणून."

"समाजाचा विश्वास टिकवायला नाही आलात?"

"नाही, सर."

"मग हे वाक्य कुणाचं आहे? तुमचं तर दिसत नाही. खोडा."

मी खोडले. पेन्सिलचे टोक मोडले. त्यांनी स्वतःची पेन्सिल पुढे केली आणि बिस्किटांचा डबाही.

"पण सर, मग कर्तव्याचा पाया कुठे?" एका गुरुवारी मी धीर करून विचारले. "काहीतरी कारण तर असायला हवं."

"पुलावरून चालला आहात, खाली कुणी बुडतंय. काय कराल?"

"धावेन."

"धावण्याआधी पाया खणाल?"

मला हसू आले. त्यांना नाही.

"दिसतं, वेनिंग. बस. करायला हवं हे दिसतं. ते सिद्ध करता येत नाही, कारण सिद्ध करायला त्याहून पक्कं असं आपल्यापाशी काही नसतं."

"आणि त्याच वेळी मी दुसऱ्या कुणाला भेटायचं कबूल केलेलं असलं तर?"

"तर तेही खरंच. ते खोटं ठरत नाही, फक्त त्या घडीला बाजूला उभं राहतं. नंतर भिजल्या कपड्यांनी जायचं आणि माफी मागायची." मग त्यांनी डोळे उघडले. अतिशय फिकट निळे, थकलेले डोळे. "एवढं मात्र लक्षात ठेवा. 'आधी कारण सांगा, मग हात देतो' असं जो म्हणतो ना, त्याला कारण नको असतं. वेळ हवा असतो."

त्या खोलीचा वास मला अजून येतो: ओला कोळसा, जुने कातडे, संत्र्याचे मार्मलेड. बाहेर पाऊस असला की टपलिन वर येऊन शेगडीत कोळसा घाली आणि जाताना माझ्या कानाशी पुटपुटे, "झगा उलटा आहे साहेब. निबंध तरी सुलटा लिहिलाय ना?" तो आमच्या जिन्याचा सेवक, बत्तीस वर्षे त्याच पायऱ्या चढलेला. त्याच्या गुडघ्यांच्या आवाजावरून तो कितव्या पायरीवर आहे ते सांगता येई. मिस्टर गार्थवेट त्याच्याशी घोड्यांच्या शर्यतींबद्दल बोलत आणि नेहमी चुकीचा घोडा सांगत. तेवढे सुख मला पुन्हा कुठल्याही खोलीत मिळाले नाही.

मग तिसऱ्या वर्षातला नोव्हेंबरचा तो गुरुवार.

आदल्या आठवड्यात त्यांनी मला विषय दिला होता: दोन कर्तव्ये समोरासमोर आली तर. मी चार दिवस काही लिहिले नाही, आणि बुधवारी जे लिहिले ते वाईट होते हे मला ठाऊक होते. दहाला दोन मिनिटे असताना मी जिना चढलो. उजेडाची पट्टी बरोबर दारावर होती. वरून तिसरा खिळा लखलखत होता. आणि ते बाहेरचे दार होते. लागलेले.

असे कधीच झाले नव्हते. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग परत फिरलो. नदीकाठाने बराच लांब चालत गेलो. विलोच्या झाडांची पाने गळून पाण्यावर साचली होती, आणि माझ्या मनात, लपवण्यात अर्थ नाही, सुटका झाल्याचा हलका आनंद होता.

एक वाजता टपलिनने आपल्या किल्लीने दार उघडले, तेव्हा मिस्टर गार्थवेट आत दाराशीच पडलेले होते. त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी कळते तर फरक पडला असता, कदाचित बराच.

संध्याकाळी टपलिन माझ्या खोलीत आला. हातात टोपी. "साहेब, तुम्ही दहाला गेला होतात ना? काही चाहूल? काही आवाज?"

"दार लागलेलं होतं, टपलिन. मी परत आलो."

हे खरे होते. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला: परस्परविरोधी कर्तव्यांचा. मी उत्तर असे लिहिले की परीक्षकांनी त्याचा वेगळा उल्लेख केला. दुसऱ्याचा एकांत राखणे हेही कर्तव्यच कसे, अपुऱ्या माहितीवर केलेल्या वर्तनाचे मोल कसे करावे, हे सगळे मी तीन पानांत समतोलपणे मांडले. मला पहिला वर्ग मिळाला. मिस्टर गार्थवेट बहिणीच्या घरी, शहराच्या उत्तरेला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते, आणि मी त्यांना भेटायला एकदाही गेलो नाही.

"कोण बसलंय तिथं?" खालून आवाज आला. आधी गुडघ्यांचा, मग माणसाचा. "अरे देवा. वेनिंग साहेब! वाळलात हो. श्रॉप्शरमध्ये जेवायला घालत नाहीत वाटतं?"

टपलिन म्हातारा झाला होता. त्याच्या हातात पुस्तके बांधायचा सुतळीचा गुंडा होता. मी उठून उभा राहिलो आणि आम्ही दोघे त्या उघड्या दारातून आत गेलो. शेगडी थंड होती. खुर्ची होती तिथेच होती. सळई कुणीतरी नीट पुसून कोपऱ्यात उभी केली होती.

"बाईसाहेब साडेदहाला येतील," तो म्हणाला. "मी आता या जिन्यावर नसतो, ठाऊक आहे ना? खाली भांडारात मागून घेतलं. चांदीची भांडी पुसतो. भांड्यांना काही होत नाही."

"तुम्ही स्वतः मागून घेतलंत?"

"मग काय, हाकलतोय कोण मला? पस्तीस वर्षं झाली इथं." त्याने एक पुस्तक उचलले, धूळ फुंकली. "साहेब, बाईसाहेबांनी तुम्हाला माझी समजूत घालायला बोलावलंय. मला कळतं. पण तुम्ही कशाला तोंड शिणवता? त्या दिवशी नऊला ते म्हणाले, टपलिन, डोकं जड आहे, जाताना बाहेरचं दार ओढून घे, दहाच्या आधी मी उघडीन. मी ओढलं. सव्वादहाला कोळसा घेऊन आलो तर लागलेलंच. मला वाटलं, वेनिंग साहेब आत वाचत असतील, मध्ये मध्ये कशाला करा. दोघांना निवांत बसू दे म्हटलं. किल्ली खिशात होती हो माझ्या. हाताला लागत होती."

"लागलेलं दार कुणीच उघडत नाही, टपलिन. रीतच आहे."

"रीत!" तो माझ्याकडे पाहून हसला, पण ते हसणे माझ्यासाठी नव्हते. "रीत तर मी पोरगा असल्यापासून पाळतोय. पण तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला आत जावंसं वाटलं होतं. काही कारण नव्हतं. नुसतं वाटलं. आणि मी खाली गेलो."

मी खिडकीपाशी गेलो. चौकात दोन नवे विद्यार्थी झगे उडवत धावत होते, उशीर झालेला; एकाच्या हातातला कागद सुटून हिरवळीवर पडला आणि दुसरा मोठ्याने हसला. मीही असाच धावलो होतो कधीतरी.

"बाईसाहेब काय सांगत होत्या ऐकलंत?" टपलिन मागून म्हणाला. "वाचा गेली, पण गुरुवार नाही गेला. शेवटपर्यंत. गुरुवारी दहा वाजले की डाव्या हातानं खूण करायचे, समोर एक खुर्ची मांडा म्हणून. मांडायची. तासभर दाराकडे बघत बसायचे. मग पुन्हा खूण, उचला. बाईसाहेबांना वाटायचं भ्रम आहे. मला नाही वाटत. तुम्हाला काय वाटतं?"

मी दाराकडे वळलो. जिन्यात उजेडाची पट्टी कठड्यावरून सुटली होती आणि उघड्या ओकच्या दाराच्या कडेवर आली होती. दार उघडे असल्याने खिळे भिंतीकडे वळले होते. लखलखायला काही नव्हते. तीन वर्षे मी एक उत्तर तासून तासून इतके गुळगुळीत केले होते की त्यावरून कुणाचाही हात घसरावा. 'दार लागलेले होते. मी परत आलो.' त्या दोन वाक्यांच्या मध्ये जे होते त्याभोवती मी युक्तिवाद रचले, परीक्षा उत्तीर्ण झालो, आणि लहान मुलांना व्याकरण शिकवायला दूर निघून गेलो.

"चहा आणू का साहेब?" टपलिन म्हणाला. "पांढरे पडलात. बसा. त्यांच्या खुर्चीत बसा, आता काय."

"नको. टपलिन, तुम्ही बसा."

"मी? इथं?"

"बसा. मला काही सांगायचंय, आणि ते उभ्यानं सांगायला हवं."

तो गोंधळून खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, सुतळीचा गुंडा मांडीवर धरून. त्याने मान थोडी कलती केली. निबंध ऐकायला कुणी बसावे तसा तो दिसला. कुठेतरी घड्याळाने दहाचे ठोके द्यायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत थांबावे, असे मला वाटले. मग त्या वाटण्यात काय आहे तेही दिसले, आणि मी थांबलो नाही.

"त्या दिवशी मी दाराशी उभा होतो तेव्हा आत सळई फरशीवर पडली. मग दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी लाकूड खरवडत होतं. मला ते ऐकू आलं होतं, टपलिन. काय करायला हवं, ते मला तिथेच कळलं होतं."