हुग्गीचा टोप

अकरा खेकडे.

चंदगडची सकाळची एसटी, मागची लांब सीट.

पितळेच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली दोन अक्षरं : हि. रु.

ओढ्याकाठची लाल माती, ओली.

सोमवार.

मित्रांनो, मी एक जुना पितळी टोप आहे आणि वरच्या सगळ्या गोष्टी माझ्याशी संबंधित आहेत.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. हिराबाईंच्या लग्नातल्या भांड्यांबरोबर मी कळंब्याला रुद्रय्यांच्या घरी आलो. काम थोडं, मान मोठा. घरी लिंगायतांचे गुरू जंगमय्या जेवायला आले की त्यांची हुग्गी, म्हणजे उखळात सडलेल्या गव्हाची गूळ घातलेली खीर, माझ्यातच शिजायची. नंतर चिंचेने घासून मला फळीवर पालथा ठेवायचे. इतर भांडी मला थोडी दबून असत.

१९९४ ची दिवाळीची सुट्टी. हिराबाईंचा मुलगा अमरेश तेव्हा कॉलेजात होता. जोतीराम आणि उदयसिंह या मित्रांबरोबर तो चंदगडच्या डोंगरात तीन दिवस राहायला निघाला. ते दोघे मटण-मासे खाणारे, हा शाकाहारी. म्हणून चूल एक पण टोप दोन, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या वर्षी अमरेशचा नेहमीचा टोप गळायला लागला होता. हिराबाईंनी मला फळीवरून काढलं.

"अव्वा, ह्यो नगं. हुग्गीचा हाय."

"मग त्यांच्या टोपातलं खाणार हायस व्हय? घेऊन जा. पण सोमवारी जंगमय्या यायचे हायत. जसा नेतोस तसाच परत आण."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डोंगरावर इतकं धुकं होतं की तंबूपासून ओढा दिसत नव्हता. अमरेश आणि उदयसिंह लाकडं गोळा करायला गेले होते. चुलीपाशी जोतीराम एकटाच. तो कसबा बावड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. काजळी धरू नये म्हणून चुलीवर चढणाऱ्या भांड्याला बाहेरून माती लिंपायची, ही त्याच्या घरची सवय. त्याने दोन्ही टोपांना काठापर्यंत माती लिंपली. माझी अक्षरं मातीखाली गेली. आतून मी कल्हईमुळे पांढरा, त्याचा टोप जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून पांढरा. ओढ्यात धरलेले खेकडे फोडून, वर मुठीने चटणी घालून, त्याने जवळच्या टोपात सोडले.

जवळचा टोप मी होतो.

अमरेश डाळ घेऊन आला. त्याने रिकामा टोप उचलला, तो त्याला फारच हलका लागला. मग त्याने नखाने माझ्या काठावरची माती खरवडली.

"जोत्या, काय केलंस ह्ये!"

"आयला! मर्दा, मला वाटलं आमचाच हाय."

"आरं, घासू की लख्ख," उदयसिंह म्हणाला. "काकूंना सांगतंय कोण? मी तर न्हाय बा."

"परवा जंगमय्या जेवणार हायत ह्यात," अमरेश म्हणाला.

रस्सा मात्र त्या दोघांनी संपवला. माझ्यापुरतं सांगायचं तर गहू काय, खेकडा काय, मला दोन्ही सारखेच गरम लागतात.

रविवारी कोल्हापूरच्या स्टँडवर तिघे पांगले. अमरेश घरी न जाता कळंबा तलावावर गेला. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो मला वाळूने घासत राहिला. मी इतका कधीच चमकलो नव्हतो. वास राहिला नव्हता, डाग नव्हता. सोमवारी कोणाला काही कळलं नसतं.

हिराबाई दारात गहू सडत बसल्या होत्या. त्यांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं.

"लई घासलास की. ठेवू फळीवर?"

अमरेशने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"नगं, अव्वा. ह्यात खेकडं शिजल्यात. चूक माझी. माझ्याच हातनं झालं."

हिराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला फळीवर ठेवलं नाही, फेकलंही नाही. सोप्यात खुंटीखाली ठेवलं.

"हुग्गी दुसऱ्यात करीन. ह्यो आता तुमच्या डोंगराचा. पुढच्या खेपंला तिघंबी हितं जेवा, मग जावा."

मान गेला, फिरणं आलं. पुढे बारा वर्षं मी डोंगर पाहिले. मग अमरेश नोकरीला लागला, उदयसिंह पुण्याला गेला, जोतीरामच्या गुडघ्याने दगा दिला. २००६ पासून मी माळ्यावर आहे. कल्हई उडाली आहे. माझ्यात विझलेल्या टॉर्चचे सेल आणि तंबूच्या खुंट्या आहेत.

मित्रांनो, घरात पितळेचं भांडं असेल तर त्याला वेळेवर कल्हई करा. आणि दुसऱ्याचं भांडं घासून परत देता हे चांगलंच आहे, पण त्यात काय शिजलं तेही सांगून द्या. घासणं हाताचं काम आहे, सांगणं त्याहून अवघड.

हे मला फार नंतर कळलं : त्या रविवारी, अमरेश तलावात मला घासत होता तेव्हा, जोतीराम कळंब्याच्या घरी येऊन, उंबऱ्याबाहेर उभा राहून, चूक आपली होती असं हिराबाईंना सांगून गेला होता.