सोनबाच्या चटईचे कायदे

मेंढीकोटचे कायदे कुणी लिहून ठेवलेले नाहीत. भोसरीत एक चालतं, राजगुरुनगरला दुसरंच, आणि कोकणातला भिडू मिळाला तर अर्धा वेळ भांडणात जातो. चाकणला आमच्या पार्किंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोनबाचे कायदे चालायचे. कामगारांना कंपनीच्या गेटवर सोडलं की पाळी सुटेपर्यंत आम्ही बसच्या ड्रायव्हरांनी करायचं काय? चटई टाकायची आणि पत्ते पिसायचे. चटई सोनबाची, पत्ते सोनबाचे, म्हणून कायदेही त्याचेच. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. पण खेळाला चौघं लागतात, म्हणून बसायचो.

दश्शीला मेंढी का म्हणतात, तर म्हणे याच्या खापरपणजोबानं मावळात खऱ्या मेंढ्या लावून हा खेळ काढला. काहीही फेकायचा म्हातारा. खेळ मात्र सोपा आहे. समोरासमोर बसलेले दोघं भिडू, आणि ज्यांच्याकडे जास्त दश्श्या ते जिंकले. खाली किलवर पडलं तर किलवरच टाकायचं, नसेल तरच दुसरं पान. रंग हातात असून दडवला तर ती लबाडी, आणि तिथंच सोनबाचा कायदा सुरू व्हायचा. ज्याच्यावर आळ आला त्यानं नाकबूल केलं तर त्यानं हातातली पानं चटईवर मांडायची आणि एकेकाचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं घ्यायचं. कबूल केलं तर पानं झाकलेलीच राहतात, पण उठायचं. उठला तो उठला, पुन्हा त्या चटईवर बसायचं नाही. आणि त्याबद्दल चटईबाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

दिवाळीच्या आधी त्यानं माझ्यावर आळ घेतला होता. मी शाळेतल्या पोरासारखं एकेक पान मांडून नावं घेतली. लबाडी निघाली नाही. चुकलो म्हणाला का? नाव नको. "वाचलास ह्या येळंला," म्हणाला, "पर बापाचा गुन हाय, कवातरी भाईर येनारच." माझा बाप पिंपरीच्या कारखान्यात लेथवर राबून गेला. त्याला बदाम आणि चौकट यातला फरकसुद्धा माहीत नव्हता. त्या दिवसापासून मी सोनबाची चूक शोधत होतो, आणि हे सांगण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

परवा ती सापडली. मी आणि कुलदीप भिडू, समोर सोनबा आणि गणराज. बदाम हुकूम. मी किलवरची राणी टाकली. माझ्यानंतर सोनबा. त्यानं इस्पिकची पंजी टाकली. म्हणजे किलवर नाही याच्याकडे. कुलदीपनं छक्की टाकली, आणि गणराजकडे किलवरची एकुलती दश्शी होती, ती बिचाऱ्याला टाकावीच लागली. मेंढी आमच्या घरात आली. पुढं एक हात सोनबानं केला, उतारी त्याची आली, आणि त्यानं ऐटीत पान आपटलं. किलवरचा एक्का.

मी त्याचं मनगट धरलं. "तात्या, मघाशी किलवर नव्हतं ना तुमच्याकडं?"

गणराज आणि कुलदीप त्या एक्क्याकडे बघतच राहिले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. म्हातारा आता आकांडतांडव करणार, माझा बाप काढणार, आणि मी म्हणणार, मांडा पानं, घ्या नावं.

"व्हय," सोनबा म्हणाला. "केली लबाडी."

पानं पालथी टाकली, चपला घातल्या आणि आपल्या बसकडे निघून गेला. कुलदीपनं माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास भावा." मलाही दोन मिनिटं तसंच वाटलं. चहा मागवला. चहा पिता पिता मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. लबाडी माणूस फायद्यासाठी करतो. यानं रंग दडवून मिळवलं काय? तो एक्का तेव्हाच टाकला असता तर मेंढी त्याच्याच घरात गेली असती. स्वतःच्या भिडूची मेंढी कुणी शत्रूला देतं का? आणि पार्किंगच्या जागेवरून अर्धा दिवस भांडणारा हा माणूस, लबाड म्हटल्यावर मुकाट उठतो?

मग लख्ख झालं. नाकबूल केलं असतं तर पानं मांडून नावं घ्यावी लागली असती. त्याला ती घेता आली नसती. इस्पिकची पंजी त्यानं किलवर समजूनच टाकली होती, आणि किलवरचा एक्का इस्पिकचा समजून आपटला होता. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. आणि पाळी सुटली की तो बसभर माणसं घेऊन पिंपरीला निघणार होता. त्या माणसांत माझी बायको नेहा होती, ती याच कंपनीत कामाला. माझी बस काळेवाडीची, त्याची संत तुकाराम नगरची, आणि आमचं घरही तिथंच, म्हणून ती रोज त्याच्याच गाडीत.

मी त्याच्या बसपाशी गेलो. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता.

"तात्या, चावी द्या."

"शिक्षा झाली, इषय संपला. कायदा ठावं हाय न्हवं तुला?"

"तुम्हाला दिसत नाही."

त्यानं मान वळवली आणि माझ्या तोंडाच्या जरा बाजूला बघत म्हणाला, "लबाड म्हन. गावभर सांग. पर हे बोललास तर जीभ हासडीन. घरी बसवत्याल मला. चाळीस वर्सं गाडी हाकलीया मी, पोराच्या हाताखाली पंख्याखाली बसून मरनार न्हाई."

"तुम्ही मरा हो. माझी बायको बसते मागं."

"मग तुझ्या गाडीत ने तिला."

असा माणूस. मी तडक अण्णासाहेबांकडे गेलो. गाड्यांचं सगळं तेच बघतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "अरे संघर्ष, तुमचं दोघांचं वाकडं आहे हे सगळ्या यार्डाला माहीत आहे. पत्त्यातलं भांडण ऑफिसात आणू नकोस." गणराज म्हणाला, "जाऊ दे ना राव, उठवलास ना त्याला? आता पोटावर पाय देतोस होय?" कुलदीप माझाच भिडू, त्यानंसुद्धा मान हलवली नाही. दिवाळीपासून मी सोनबाला इतक्या शिव्या घातल्या होत्या की आता खरं बोललो तरी ती शिवीच वाटत होती.

पाळी सुटली. सोनबाची बस भरली. मी खिडकीखाली जाऊन नेहाला म्हणालो, "उतर."

"का?"

"तात्यांना दिसत नाही."

तिनं आजूबाजूला पाहिलं. तिच्या शेजारची प्राजक्ता म्हणाली, "आणि आम्ही काय मरायला बसू का? फक्त बायकोला उतरवताय?" बसमध्ये हशा झाला. नेहाचं तोंड लाल झालं. "तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली आणि काच ओढून घेतली. सोनबानं इंजिन सुरू केलं.

तेव्हा माझं टाळकं सरकलं. आमच्या यार्डात चाव्या गाडीतच असतात, कुणाचीही गाडी कुणीही सरकवतो. गाड्या सगळ्या एकाच बनावटीच्या, पांढऱ्या. सगळ्यात जवळची गाडी गणराजची होती, मी माझी सोडून मुद्दाम तीच घेतली. सोनबाच्या वाटेवर तिची मागची बाजू त्याच्याकडं करून उभी केली, मधे दहाएक पावलांचं अंतर ठेवून, आणि खाली उतरून तिच्या दाराला टेकून उभा राहिलो. मागच्या बसेसनी हॉर्न लावले. अण्णासाहेब पळत आले. बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली.

"बाजूला घे गाडी," अण्णासाहेब ओरडले.

"घेतो. तात्यांनी बसल्या जागेवरून एवढा या गाडीचा नंबर वाचावा. वाचला की मी चाकरी सोडून जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही."

सगळे सोनबाकडे वळले. म्हातारा हसला. काच खाली केली, छाती पुढं काढली, आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सत्तेचाळीस बारा. जा आता, चालता हो."

माझ्या गाडीचा नंबर अगदी बरोबर सांगितला त्यानं. रोज बघितलेला, पाठ असलेला.

कुणी हसलं नाही. गणराज आपल्या गाडीच्या पाटीकडं बघत होता, पाटीवर त्र्याऐंशी साठ होतं. अण्णासाहेबांनीही पाहिलं. सोनबा अजून हसतच होता, सगळे गप्प का झाले ते त्याला कळत नव्हतं. मग बसचं दार उघडलं. आधी प्राजक्ता उतरली, तिच्या मागून बाकीचे. पावलं वाजायला लागली तसं त्याचं हसू गेलं. "काय झालं?" तो विचारत राहिला. "नंबर चुकला काय? आरं, कुनीतरी सांगा की."

नेहा शेवटी उतरली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती ड्रायव्हरच्या दारापाशी गेली आणि हळू आवाजात त्याला म्हणाली, "तात्या, ती गणराजची गाडी आहे."

सोनबानं इंजिन बंद केलं. खाली उतरताना पायरीचा अंदाज चुकला, तिनं हात पुढं केला, तो त्यानं झिडकारला. चाचपडत माझ्यासमोर आला आणि चावी माझ्या छातीवर फेकून मारली. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू, झालंच होतं. नेहानं ते ऐकलं. त्या दिवशी ती माझ्या बसमध्ये बसली नाही, शेअर रिक्षानं घरी गेली.